उकिडवं बसून पाहिलेली गाडी

दोरीच्या कडेला मी उकिडवा बसलो तेव्हा तिथल्या सुरक्षारक्षकाला वाटलं, यांना चक्कर आली. पाण्याची बाटली पुढे करत त्यानं विचारलं, "अंकल, तबियत ठीक है?" तब्येत उत्तम होती. मी गाडी बघत होतो.

गाडीचं अंग उभ्यानं बघायचं नसतं. भोसरीच्या एमआयडीसीत, एका प्रेस शॉपमध्ये पॅनेल तपासण्यात माझी तीस वर्षं गेली. तिथली पहिली शिकवण हीच. डायमधून निघालेलं दार किंवा बॉनेट स्टँडवर ठेवायचं, फडक्यानं त्यावर पातळ तेलाचा हात द्यायचा आणि डोळे पत्र्याच्या पातळीला आणून वरच्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब वाचायचं. आपण हळूहळू सरकायचं, म्हणजे ट्यूबची पांढरी रेघही पत्र्यावरून सरकते. ती एका ओघात वाहत गेली तर पॅनेल पास. मध्येच कुठे थरथरली, चिमटली किंवा फुगली, तर तिथे खड्डा आहे नाहीतर उठाव. मग सुती हातमोजा घालून तळहात फिरवायचा. उघड्या हातापेक्षा हातमोज्यातल्या हाताला जास्त कळतं, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. तरीही शंका राहिली तर ऑइल स्टोन घासायचा. उंच जागी ओरखडे उमटतात, खोल जागा कोरी राहते.

निवृत्त झालो तरी ही खोड गेली नाही. लग्नाच्या हॉलबाहेर उभ्या गाड्यांच्या दारांमधली फटसुद्धा मी बघत जातो. बायकोनं त्यावरून बोलणं आता सोडून दिलंय.

तर फेब्रुवारी 2018. ग्रेटर नोएडाचा ऑटो एक्स्पो. पुतण्या हट्टानं घेऊन गेला. दिल्लीहून तिथवरचा प्रवास, रांगा, बारा वेळा दाखवलेलं तिकीट, हे सगळं सोडून देतो. टाटांच्या दालनात भावी एसयूव्ही आणि हॅचबॅकच्या नमुन्यांभोवती माणूस माणसाला चिकटलेला होता. आम्ही आलो होतो रेसमोसाठी.

पुतण्याला ती आधीपासून पाठ होती. 7 मार्च 2017 ला जिनिव्हाच्या मोटर शोमध्ये टाटा मोटर्सनं टॅमो या नव्या नावाखाली ही दोन आसनी स्पोर्ट्स कार जगापुढे आणली. रूप घडवलं ते प्रामुख्यानं इटलीत, तुरीनच्या स्टुडिओत. फोर्झा होरायझन 3 या व्हिडिओ गेममध्येही ती येणार, असं तेव्हाच जाहीर झालं होतं. खेळातल्या गाडीला खरी गाडी म्हणायचं का, असं मी तेव्हा घरी म्हटल्याची पुतण्यानं तिथे मुद्दाम आठवण करून दिली.

पहिला धक्का बसला तो आकाराचा. फोटोत स्पोर्ट्स कार नेहमी मोठी वाटते, कारण फोटोवाला माझ्यासारखाच खाली बसून फोटो काढतो. प्रत्यक्षात ही गाडी एवढीशी. लांबी 3,835 मिलीमीटर. त्याच एक्स्पोत मारुतीनं नवी स्विफ्ट आणली होती, तिची लांबी 3,840. म्हणजे स्विफ्टहून पाच मिलीमीटरनं आखूड! पण खरा खेळ पुढे आहे. स्विफ्टची उंची 1,530, हिची 1,208. स्विफ्टची रुंदी 1,735, हिची 1,810. तेवढ्याच लांबीच्या गाडीला वरून दाबून चापट केलं आणि दोन्ही कुशींना थोडं फुगू दिलं, असं काहीसं. छप्पर माझ्या छातीच्याही खाली राहत होतं. पुतण्या म्हणाला, "काका, ही तुमच्या स्कूटरच्या जागेत मावेल." स्कूटरच्या जागेत मावणार नाही, पण आमच्या सोसायटीत जिथे स्विफ्ट लागते तिथे नक्की मावली असती.

ही लांबी उगाच आलेली नाही, असं मला तिथेच वाटलं आणि अजूनही वाटतं. 2006 च्या अर्थसंकल्पापासून आपल्याकडे छोट्या गाडीची व्याख्या कराशी बांधलेली आहे: चार मीटरच्या आत लांबी आणि पेट्रोल इंजिन असेल तर 1,200 सीसीच्या आत. जीएसटी आला तरी ती मेख तशीच राहिली. अशा गाडीवर तेव्हा 28 टक्के कर होता आणि वर फक्त एक टक्का उपकर. रेसमोचं इंजिन 1,199 सीसीचं. कराच्या कागदावर ही गाडी आणि एखाद्या मास्तरांची हॅचबॅक एकाच रकान्यात बसली असती. परदेशी स्पोर्ट्स कार बघताना आपण काचेपलीकडचं बघतो. हिच्याकडे बघताना मात्र आपलाच कोणी घरचा माणूस भलत्याच पोशाखात आल्यासारखं वाटत होतं.

बसल्या जागेवरून मी चाकं बघितली. पुढची 17 इंची, मागची 18 इंची. टायरही पुढे 205 रुंदीचे, मागे 235 चे. पुढे बारीक आणि मागे जाड, म्हणजे जोर मागून येतो हे न विचारता कळतं. इंजिन आसनांच्या मागे, मागच्या आसाच्या पुढे ठेवलेलं. तीन सिलिंडर, टर्बो, 190 पीएस ताकद, 210 न्यूटन मीटर टॉर्क. आकडे ऐकून कोणी हुरळून जाणार नाही, पण फलकावर वजन 800 किलो लिहिलं होतं, तिथे मी थांबलो. आठशे किलोच्या गाडीला 190 पीएस म्हणजे टनाला जवळपास 240. शून्यापासून शंभरचा वेग सहा सेकंदांच्या आत, हा कंपनीचा दावा त्या हिशेबात बसतो. पुतण्याला एकच गोष्ट खटकली: सहा गिअर, तेही एएमटी, म्हणजे आपोआप पडणारे. "स्पोर्ट्स कारला एएमटी? काका, मग बोरूनं सही कशाला करायची, शिक्काच मारा की!" त्याचं म्हणणं मला पटलं. एवढी हलकी गाडी द्यायची आणि गिअरचा दांडा काढून घ्यायचा, हा पंक्तीत बसवून पोळी न वाढण्यातला प्रकार झाला.

मग मी माझ्या कामाला लागलो. पुढचा फेंडर, तिथून दार, दारामागचा फुगवटा, हे अंतर डोळ्यांनी वाचायचं. पण प्रदर्शनात ट्यूबलाइट नसतात. छतावरून शेकडो बारीक दिवे मारलेले असतात आणि त्यांचं प्रतिबिंब रेघेचं न होता ठिपक्यांचं होतं. गाडी झगमगते, वाचता येत नाही. रंगाचंही तेच, अशा उजेडात कुठलाच रंग खरा दिसत नाही. म्हणून मी दालनाच्या कडेची एक लांब पांढरी पट्टी हेरली आणि तिचं प्रतिबिंब दारावर पकडून बेडकासारखा सरकत राहिलो. रेघ दारावरून मागच्या फुगवट्यावर चढताना आधी रुंदावली, मग झपकन बारीक होऊन चाकाच्या कमानीवर वळली. कुठे अडखळली नाही. पण शाबासकी द्यायची घाई मी केली नाही. प्रदर्शनातला नमुना सहसा हातानं घासूनघासून तयार केलेला असतो. एक गाडी सुबक करणं ही कारागिरी झाली. चाळीस हजारावी गाडी पहिलीसारखी काढणं, ते आमचं काम.

आणि मग लक्षात आलं, की इथे आमच्या कामाचा संबंधच नाही.

रेसमोचा सांगाडा मोफ्लेक्स नावाच्या पद्धतीचा होता. वेगवेगळे पदार्थ एकत्र घेऊन केलेली, सँडविचसारखी रचना. कमी संख्येच्या गाड्यांसाठी असा मार्ग का धरतात, हे डायच्या धंद्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. पोलादी दाराचा एक बाहेरचा पत्रा काढायला चार-पाच डाय लागतात. एक ओढतो, दुसरा कडा कापतो, तिसरा भोकं पाडतो, चौथा काठ वळवतो. टनावारी वजनाचे हे ठोकळे बनवायचे, निळी शाई लावून एकावर एक टेकवायचे, जिथे शाई लागत नाही तिथे महिनोन्‌महिने घासत बसायचं. हा खर्च लाखो दारांवर वाटला गेला तरच परवडतो. काही शे गाड्यांसाठी कोणी डाय बनवत नाही. म्हणजे ज्या गाडीसाठी मी पुण्याहून आलो होतो, तिच्यात माझ्या धंद्याला कामच नव्हतं. वाईट वाटलं असं नाही. पण गुडघ्यात कळ आली ती त्याच वेळी.

मी उठलो. तेव्हा तो मुलगा दिसला.

वीस-बावीसचा असेल. काळा टी-शर्ट, एका खिशात फवाऱ्याची बाटली, खांद्यावर मऊ फडकी. दोरी असली तरी लोक वाकून हात लावतच होते, आणि हात लागला की तो येत होता. त्याची पद्धत बघत मी अर्धा तास उभा होतो. फवारा गाडीवर नाही, फडक्यावर. फडक्याच्या चार घड्या, म्हणजे आठ स्वच्छ बाजू. एक बाजू मळली की उलटायची. आणि पुसताना गोल गोल नाही, सरळ रेघेत, गाडीच्या लांबीच्या दिशेनं. गोल पुसलं की बारीक चरे जाळ्यासारखे दिसतात, सरळ पुसलं तर रेघेत लपतात. त्याला हे कोणीतरी नीट शिकवलेलं होतं. शेवटी तो मान कलती करून उजेडात बघायचा. अगदी आमच्यासारखं. मी खुणेनं दाराखालच्या कडेचा एक ठसा दाखवला. त्यानं तो पुसला आणि हसून विचारलं, "आप भी इसी लाइन में हो?" मी हो म्हणालो.

दार एकदाच उघडलेलं पाहिलं, कुणा पाहुण्यासाठी. ते आडवं उघडत नाही, पुढच्या खांबाजवळच्या बिजागरीवर वर आणि पुढे झुकत जातं. आजूबाजूचे पन्नास फोन त्याच्याबरोबर वर गेले. मी बघत होतो उंबरा. पाहुणे आधी पाठ फिरवून बसले, मग त्यांनी एकेक पाय उचलून आत घेतला. त्या उंबऱ्यावरून माझे गुडघे आत जातील, पण बाहेर काढायला दोघं लागतील.

गर्दीचे प्रश्न ऐकण्यासारखे होते. "सामान कहाँ रखेंगे?" "ब्रेकर पे लगेगी क्या?" आणि अर्थात, बहुधा सांगलीकडच्या एका गृहस्थांचा, शुद्ध मराठीत, "ॲव्हरेज किती देते ओ?" पुतण्या हसला. मला हसू आलं नाही. ज्या गाडीला लोक ॲव्हरेज विचारतात, ती त्यांनी मनातल्या मनात घरी नेऊन लावलेली असते. शेजारच्या परदेशी गाड्यांना हा प्रश्न कोणी विचारत नव्हतं.

टाटांनी दोन आसनी स्वप्न दाखवण्याची ही पहिली वेळ नव्हती. जिनिव्हातच 2000 साली त्यांनी आरिया नावाची उघडी रोडस्टर मांडली होती, पुढच्या वर्षी तिची कूपे. दोन्ही नमुनेच राहिले. ते नाव पुढे 2010 मध्ये एका भल्यामोठ्या कुटुंबवत्सल गाडीला मिळालं. रेसमोला तेही मिळालं नाही. ती बाजारात आलीच नाही.

पुतण्यानं नंतर नेक्सॉन घेतली, पेट्रोल. रांजणगावला बनलेली, त्याच घराण्यातल्या तीन सिलिंडर टर्बो इंजिनाची, 110 पीएसची, उंच आणि पाच जणांची. गिअर हातानं टाकायचे. पहिल्या दिवशी तो गाडी दाखवायला आला तेव्हा मी खाली उतरलो आणि दारापाशी उकिडवा बसलो. त्यानं गाडी ट्यूबलाइटखालीच लावली होती.