उपग्रहाला तुमची मुलगी दिसत नाही

नाशिकमध्ये रात्रीचे साडेअकरा झालेत. ओटा आवरून झालाय आणि आई फोनवरचा नकाशा उघडून बसली आहे. मुलगी जर्मनीत ड्रेस्डेनला शिकते. उन्हाळ्याच्या सुट्टीत मैत्रिणींबरोबर संध्याकाळच्या गाडीने प्रागला निघाली आहे, आणि तिच्या फोटोचा इवलासा गोल एल्ब नदीच्या काठाकाठाने सरकतोय. असं चित्र आज कितीतरी मराठी घरांत दिसेल. या आईला विचारा, मुलगी कुठे आहे हे तुम्हाला कोण सांगतं? उत्तर ठरलेलं असतं: ‘सॅटेलाइटवरून दिसतं ना सगळं!’

दिसत नाही हो. तुमची मुलगी जगात आहे याचा पत्ता एकाही जीपीएस उपग्रहाला नाही. तिचा फोन त्या उपग्रहांना एक अक्षरही पाठवत नाही. अब्जावधी फोन या उपग्रहांचा आधार घेतात आणि उपग्रहांना त्यातल्या एकाचीही खबर नसते!

मग उपग्रह करतो तरी काय? तो बोलतो. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून, कुणी ऐको न ऐको, त्याची टकळी चालूच: मी अमुक उपग्रह, आत्ता इथे आहे, माझ्या घड्याळात इतके वाजलेत. बस्स, एवढंच. मुलगी कुठे आहे हे शोधून काढण्याचं सगळं काम तिच्या खिशातला फोन करतो, तेही नुसतं ऐकून.

नुसतं ऐकून जागा कशी कळणार? आपल्याकडे काही गावांत नगरपालिकेचा भोंगा असतो. समजा, तो बाराच्या ठोक्याला वाजला आणि तुम्हाला तीन सेकंदांनी ऐकू आला. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे भोंग्यापासून तुम्ही एक किलोमीटरवर आहात. कुठल्या दिशेला, ते अजून कळलं नाही. पण आणखी दोन गावांचे भोंगेही बरोबर बारालाच वाजत असतील आणि तुम्हाला एक पाच, एक आठ सेकंदांनी ऐकू आला, तर प्रत्येक भोंग्याभोवती एक वर्तुळ काढा. तिन्ही वर्तुळं जिथे मिळतात, तिथे तुम्ही उभे. जीपीएस ते हेच. फक्त भोंगे आकाशात आहेत आणि ताशी सुमारे १४,००० किलोमीटर वेगाने पळताहेत.

आता गंमत पाहा. रेडिओलहर आवाजासारखी रमतगमत येत नाही, ती सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावते. उपग्रह डोक्यावर असेल तर त्याचा संदेश सेकंदाच्या पंधराव्या भागात खाली पोहोचतो. या प्रवासाचा वेळ मोजताना सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तरी अंतर ३०० मीटरनी चुकतं. मुलगी प्लॅटफॉर्मवर असेल आणि नकाशा तिला नदीत दाखवेल! उपग्रहांना याची चिंता नाही, त्यांच्यात अणुघड्याळं बसवलेली आहेत. पण फोनमधलं घड्याळ साध्या क्वार्ट्झचं. ते इतकं अचूक असणं शक्यच नाही. मग गणित जमतं कसं?

चौथ्या उपग्रहामुळे. फोनचं घड्याळ जेवढं चुकलंय तेवढं ते सगळ्याच उपग्रहांच्या बाबतीत सारखंच चुकलेलं असतं. म्हणून फोन तीनऐवजी चार उपग्रह ऐकतो आणि स्वतःलाच विचारतो: माझं घड्याळ नेमकं किती पुढेमागे केलं, म्हणजे ही चारही अंतरं एकाच बिंदूवर जुळतील? उत्तर एकच निघतं. लांबी, रुंदी, उंची आणि वेळ अशी चार कोडी, आणि ती सोडवायला चार उपग्रह. जागा सापडता सापडता फोनचं घड्याळही फुकटात अणुघड्याळाशी जुळून जातं. हे ज्यांना सुचलं त्यांना दंडवत!

पण खरी कमाल अजून पुढेच आहे. वेगाने धावणारं घड्याळ हळू चालतं आणि गुरुत्वाकर्षण कमी असेल तिथे ते जलद चालतं, असं आइन्स्टाइनचा सापेक्षतावाद सांगतो. उपग्रहावर या दोन्ही गोष्टी एकदम घडतात. वेगामुळे घड्याळ दिवसाला ७ मायक्रोसेकंद मागे पडतं, उंचीमुळे ४५ मायक्रोसेकंद पुढे जातं. हिशेब केला तर रोज ३८ मायक्रोसेकंद पुढे. ऐकायला किरकोळ वाटतं, पण सेकंदाला तीन लाख किलोमीटरच्या हिशेबाने ही दिवसाला अकरा किलोमीटरची चूक झाली! १९७७ साली चाचणीचा एक उपग्रह सोडला, तेव्हा सगळ्यांचाच या हिशेबावर विश्वास नव्हता. म्हणून दुरुस्तीची व्यवस्था उपग्रहात ठेवली, पण बंद करून. घड्याळ साधारण वीस दिवस तसंच चालू दिलं. ते जवळजवळ आइन्स्टाइनच्या हिशेबाइतकंच पुढे धावलं. मग दुरुस्ती चालू केली. आजचे जीपीएस उपग्रह घड्याळ मुद्दाम किंचित मंद लावूनच वर पाठवले जातात.

संदेश तरी किती क्षीण असावा? एका वॅटचे एक कोटी अब्ज भाग केले, तर त्यातल्या एकाच्या आसपासची ताकद फोनपर्यंत पोहोचते. भोवतालच्या रेडिओ-गोंगाटापेक्षाही ती कमी असते. वर जीपीएसचे सगळे उपग्रह एकाच फ्रीक्वेन्सीवर एकदम बोलत असतात. तरी फोनला ते ओळखू येतात, कारण प्रत्येकाची शून्य आणि एकची १,०२३ चिन्हांची स्वतःची माळ ठरलेली असते, ती सेकंदाला हजार वेळा फिरते आणि फोनला सगळ्या माळा आधीपासून पाठ असतात. गोंगाटावर तो एकेक माळ सरकवत राहतो. जिथे जुळली, तिथे उपग्रह सापडला.

ही कल्पना सुचली ती उलट्या बाजूने. ४ ऑक्टोबर १९५७ ला रशियाचा स्पुटनिक वर गेला. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत विल्यम गायर आणि जॉर्ज वाइफेनबाख त्याची बीप-बीप ऐकत बसले. सूर कसा बदलतो यावरून त्यांनी स्पुटनिकची कक्षा काढली. पुढच्या वर्षी त्यांचे वरिष्ठ फ्रँक मॅक्ल्यूर यांनी विचारलं: आपण कुठे आहोत ते ठाऊक असल्यावर उपग्रह सापडतो, मग उपग्रह कुठे आहे ते ठाऊक असेल तर आपण सापडू का? त्या प्रश्नातून आधी पाणबुड्यांना वाट दाखवणारे ट्रान्झिट उपग्रह आले आणि १९७३ पासून जीपीएसची आखणी सुरू झाली. १९८३ मध्ये वाट चुकलेलं कोरियाचं प्रवासी विमान सोव्हिएत लढाऊ विमानाने पाडलं, २६९ माणसं गेली. त्यानंतर अमेरिकेने ही लष्करी यंत्रणा सामान्यांनाही खुली करायचं जाहीर केलं. तरी मे २००० पर्यंत सामान्यांच्या संदेशात मुद्दाम चूक मिसळलेली असे. तेव्हा नकाशा शंभरेक मीटर इकडेतिकडे दाखवायचा. या आईला तेव्हा मुलगी पलीकडच्या गल्लीत दिसली असती.

आता गाडीकडे परत येऊ, कारण आईचा जीव नेमका इथेच टांगणीला लागतो. गोल अचानक थांबतो. पाच मिनिटं, दहा मिनिटं, जागचा हलत नाही. काय झालं असेल? बहुतेक वेळा काहीच नाही. ड्रेस्डेनहून प्रागला जाणारा लोहमार्ग डोंगरांमधल्या अरुंद खोऱ्यातून जातो, तिथे आकाशाची जेमतेम एक पट्टी दिसते. अनेक युरोपीय गाड्यांच्या काचांवर उष्णता अडवायला धातूचा पातळ थर दिलेला असतो, तो रेडिओलहरीही अडवतो. त्यात सीमा ओलांडताना फोन जर्मन नेटवर्क सोडून चेक नेटवर्क शोधत असतो. शिवाय बॅटरी वाचवायला फोन आपली जागा सतत कळवत नाही. म्हणून गोलापेक्षा त्याच्याबरोबर लिहिलेली वेळ आधी बघा. ‘२० मिनिटांपूर्वी’ असं असेल, तर ती मुलगी वीस मिनिटांपूर्वीची आहे.

मग प्रागचं स्टेशन येतं. छताखाली, भुयारी मार्गांत उपग्रह ऐकू येणं कठीण. तरी फोन जागा सांगतोच! कशी? आसपासच्या वायफायवरून. दुकानं, हॉटेलं, घरं, सगळ्यांचे वायफाय राउटर आपापला ओळखक्रमांक हवेत सोडत असतात. कुठला राउटर कुठे आहे याची प्रचंड यादी गूगल आणि ॲपलने जमवून ठेवली आहे. फोनला हे राउटर दिसले म्हणजे तो इथे असणार, असा अंदाज. यात गोम अशी की कुणी घर बदललं आणि राउटर बरोबर नेला, तर यादी सुधारेपर्यंत त्या राउटरजवळचा फोन जुन्याच पत्त्यावर दिसू शकतो. मुलगी अचानक पन्नास किलोमीटर लांब उडी मारून परत आली, तर पोलिसांना फोन करण्याआधी ही शक्यता आठवा.

आणि ठिपक्याभोवती जे फिकट निळं वर्तुळ दिसतं ना, त्याची तर गंमतच आहे. आपल्याला वाटतं, माणूस या वर्तुळाच्या आत नक्की आहे. अँड्रॉइडच्या व्याख्येप्रमाणे तो आत असण्याची शक्यता धरलेली असते ६८ टक्के. म्हणजे तीनातल्या साधारण एका वेळी तो वर्तुळाबाहेर!

फोनला जागा कळली, पण ती आईपर्यंत कशी आली? मुलीचा फोन ती मोबाइल टॉवरमार्गे कंपनीच्या सर्व्हरला कळवतो. तिथून खंडाखंडांमधली मजल बहुधा समुद्रतळावरच्या काचतंतूंमधून होते. युरोप आणि भारत जोडणाऱ्या कितीतरी केबल भूमध्य समुद्र, इजिप्त, तांबडा समुद्र आणि अरबी समुद्र असा प्रवास करून मुंबईत किनाऱ्याला लागतात, वर्सोव्याला त्यातल्या बऱ्याच. काचेत प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो, म्हणून दहा हजार किलोमीटरची केबल तो सेकंदाच्या विसाव्या भागात पार करतो.

या सगळ्या साखळीत बोलण्याचा निर्णय घेणारी कडी एकच: मुलीचा फोन. तिने शेअरिंग बंद केलं, की वरचा एकही उपग्रह आईच्या मदतीला येणार नाही. म्हणूनच पोरांच्या फोनमध्ये चोरून ॲप टाकणाऱ्या पालकांचं मला नवल वाटतं. पोराला एकदा कळलं की पहिलं बटण तेच दाबलं जाणार. त्यापेक्षा विचारा, ‘प्रवासात असशील तेवढे दिवस चालू ठेवशील का?’ बहुतेक मुलं हो म्हणतात.

तरी एक प्रश्न उरतोच. गोल खरंच संकटात थांबलाय असं धरा. आई नाशिकला बसून काय करू शकते? तिने आणीबाणीचा ११२ हा नंबर फिरवला, तर तो आपल्याकडच्याच नियंत्रण कक्षात लागेल, ड्रेस्डेनला नाही. मुलीने तिथे ११२ फिरवला तर मात्र एक अजब प्रकार घडतो. युरोपातल्या बहुतेक देशांत हा नंबर लावताच फोन स्वतःच जीपीएस आणि वायफाय चालू करतो, जागा काढतो आणि मदत केंद्राला आपणहून कळवून टाकतो. तिला काही करावं लागत नाही, पत्ता सांगता येत नसला तरी बिघडत नाही. २०१४ मध्ये ब्रिटनमध्ये याची सुरुवात झाली. मार्च २०२२ पासून युरोपीय संघात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या स्मार्टफोनमध्ये ही क्षमता असणं सक्तीचं आहे. अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींमध्ये ती त्याआधीच आलेली होती. रुग्णवाहिकेला लागणारी माहिती अशी आईला वळसा घालून थेट पोहोचते, आणि माझ्या मते या अख्ख्या कारखान्यातला सगळ्यात मोलाचा भाग हाच.

तेव्हा मुलीला निघण्याआधी ११२ पाठ करायला लावा. तिकडचं सिम आणि पॉवर बँक घ्यायला सांगा. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर परदेशातल्या विद्यार्थ्यांना नोंदणी करता येते, ती करून घ्या. आणि तुमच्याकडे एका कागदावर उतरवून ठेवा: बरोबरच्या मैत्रिणींचे नंबर, विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विभागाचा, त्या देशातल्या भारतीय दूतावासाचा आणीबाणीचा नंबर, आणि ती राहते तिथल्या पोलीस ठाण्याचा पूर्ण नंबर. सगळे देशाच्या कोडसकट लिहा. जर्मनीचा ४९, चेक प्रजासत्ताकाचा ४२०.