मामीचे एक एकर

आमचे सोनारी गाव परांडा तालुक्यात आहे आणि ते दोन गोष्टींमुळे ओळखले जाते. एक श्री काळभैरवनाथाचे देऊळ आणि दुसरी देवळाभोवतीची माकडे. या माकडांशी पुढे गाठ पडणार आहे, म्हणून त्यांचा उल्लेख आधीच करून ठेवते. विषय मात्र सुरू होतो तो तुळजापूर तालुक्यात, माझ्या आजोळी, दोन वर्षांपूर्वीच्या वेळ अमावास्येला.

आपल्या प्राध्यापकांपैकी काहीजण दुसऱ्या भागातून आलेले आहेत; त्यांच्यासाठी या सणाची थोडी माहिती देते. लातूर, धाराशिव आणि सोलापूर या जिल्ह्यांत ठिकठिकाणी मार्गशीर्ष अमावास्येला, म्हणजे येळवशीला, सगळे घर शेतात जाते. ज्वारीच्या उभ्या पिकात कडब्याची कोप करतात, तिच्यात पाच पांडव मांडून पूजा होते आणि मग शेतातच जेवण. बाजरीचे उंडे, मडक्यातली आंबील आणि भज्जी. भज्जी म्हणजे भजी नव्हेत. तुरीचे ओले दाणे, हरभऱ्याचे घाटे, पावटा, शेंगदाणे, मेथी, कांद्याची आणि लसणाची पात, गाजर, हिरवी चिंच असे त्या दिवसांत रानात जे जे असेल ते एकत्र शिजवून त्याला बेसन लावतात. माझी आई सोनारीत सासरी आली तरी माहेरची ही भज्जी तिने सोडलेली नाही.

त्या दिवशी कोपीजवळ जेवताना मामी आईला म्हणाली, "वन्सं, ह्यातलं मीठ तेवढं इकतचं हाय. बाकी समदं ह्याच एकरातलं."

आई काही बोलली नाही. परतताना एस.टी.त मात्र तिने बोटांवर मोजून दाखवले. आमच्या घरच्या भज्जीला अकरा जिन्नस लागतात. त्यांतले दहा ती परांड्याच्या बाजारातून आणते. अकरावी चिंच, तीही शेजारणीच्या झाडाची. आणि आम्ही शेतकरी! आमच्या सातबाऱ्यावर पाच एकर जमीन आहे.

हे "मामीचे एकर" काय आहे ते पाहू लागल्यावर त्याचे मूळ भूकंपात सापडले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूर भागात जो भूकंप झाला त्यात हजारो माणसे गेली, गावेच्या गावे कोसळली. पुढे घरांच्या पुनर्बांधणीचे व दुरुस्तीचे काम निघाले, तेव्हा गावातील लोक आणि सरकारी यंत्रणा यांच्यामध्ये दुवा म्हणून गावोगावच्या स्त्रियांना नेमण्यात आले. त्यांना "संवाद सहायक" म्हणत. सिमेंट किती, सळई किती, कोणाचे घर यादीतून राहिले, हे सारे या बायका विचारू लागल्या. या कामामागे प्रेमा गोपालन होत्या. त्यांनीच पुढे "स्वयम् शिक्षण प्रयोग" ही संस्था उभी केली. त्या २०२२ साली वारल्या. घरे बांधून झाली, पण एकत्र बसायला शिकलेल्या बायका पुन्हा घरात जाऊन बसल्या नाहीत. बचत गट झाले, आरोग्याची कामे झाली, आणि मग २०१२ पासून मराठवाड्यावर एकामागून एक दुष्काळ आले तेव्हा या गटांपुढे शेतीचा प्रश्न उभा राहिला. तुळजापूर तालुक्यातीलच गंधोरा गावच्या गोदावरी डांगे यांचे नाव या कामात पुढे आले. त्यांच्या आयुष्यावर चित्रकथासुद्धा निघाली आहे. २०१७ साली या संस्थेला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे इक्वेटर पारितोषिक मिळाले. त्याच्या आदल्याच वर्षी लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले होते, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे.

कल्पना ऐकायला अगदी साधी आहे. घरच्या जमिनीपैकी अर्धा ते एक एकर बाईने घरच्यांकडून मागून घ्यायचा. त्यात काय पेरायचे ते तिने ठरवायचे. विकण्याचे पीक नंतर. आधी घरात जे शिजते ते. खत-औषध शक्यतो विकत आणायचे नाही आणि बी घरचेच ठेवायचे.

मामीच्या एकरात मी नंतर दोन वेळा जाऊन राहिले, त्यामुळे तेथील व्यवस्था थोडी सविस्तर सांगू शकते. पावसाळ्यात तिथे मूग, उडीद, तूर, बाजरी, तीळ, भुईमूग आणि हुलगा असतो. कडेने अंबाडी. मूग साठ-सत्तर दिवसांत निघतो आणि पंचमी-पोळ्याच्या ओढीच्या दिवसांत घरात पहिले धान्य येते. उडीद त्याच्या मागोमाग. तूर मात्र पाच-सहा महिने उभी राहते. तिचे मूळ खोल जाते, वरच्या थरात ओल उरली नाही तरी ती खालून पाणी ओढते. मूग, उडीद, तूर या द्विदल पिकांच्या मुळांवर गाठी असतात. त्यांतील जिवाणू हवेतला नत्र मुळांत साठवतात आणि तो पुढच्या पिकाला उपयोगी पडतो. हे मी नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात पाठ केले होते. पण गाठी प्रथम पाहिल्या त्या मामीने मूग उपटून हातात दिला तेव्हा.

पावसाने खंड दिला तर एखादे पीक जाते, सगळी जात नाहीत, हा या मिश्र पेरणीचा खरा आधार आहे. एकट्या सोयाबीनने भरलेल्या शिवारात वीस दिवस पाऊस हुकला की सगळेच एकदम माना टाकते. हुलगा हलक्या रानात आणि थोड्या ओलीवरही तग धरतो. म्हणूनच बहुधा त्याला कोणी मान देत नाही!

हिवाळ्यात ज्वारी, हरभरा, जवस, मेथी, कांदा, लसूण. ज्वारीच्या कडेने करडईची तासे. करडईला काटे असल्याने जनावर आत शिरत नाही. म्हणजे कुंपण ते कुंपण आणि वर घाण्याचे तेल. ही काही संस्थेने शिकवलेली विद्या नाही, आपल्या आज्या-पणज्यांची आहे. मामी म्हणते की ट्रेनिंगला गेल्यावर अर्धे तर आधीच माहीत होते, फक्त ते माहीत असण्याची लाज वाटत होती ती गेली. मला हे वाक्य फार महत्त्वाचे वाटते.

ज्वारीत आपोआप उगवणारी पाथरी आणि पावसाळ्यातील तांदुळजा, घोळ, कुर्डू यांनाही तिथे तण म्हणत नाहीत. तणनाशक मारलेल्या रानात मात्र या भाज्या मिळत नाहीत. आमच्या घरी गेली कित्येक वर्षे पाथरी खाल्ली गेली नव्हती, ती कुठे गेली हे कोणी विचारलेही नव्हते.

जमिनीला घालण्यासाठी मामी गांडूळ खत करते आणि जीवामृतही करते. त्याचे प्रमाण येथे देते: २०० लिटर पाण्यात १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. सावलीत ठेवून काही दिवस ढवळायचे. एवढे एका एकराला पुरते. शेण-मातीतले जिवाणू गूळ-बेसनावर वाढावेत हा त्यामागचा हेतू. काही प्रचारक याने सगळेच रोग हटतात आणि उत्पन्न दुप्पट होते असे सांगतात. ते मला पटत नाही. मामीच्या तुरीवर त्या वर्षी अळी पडलीच होती. दशपर्णी अर्क दोनदा फवारूनही बरीच तूर गेली. तिचे म्हणणे एवढेच की औषधाची उधारी तरी झाली नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळते. अडचण बियाण्याची नाही, खताचीही नाही. अडचण ते एकर मागण्याची आहे. शेतातील खुरपणी, वेचणी, काढणी, मोडणी बायकाच करतात आणि सातबाऱ्यावर नाव पुरुषाचे असते. ही गोष्ट आपल्याकडे पूर्वी कोणाला सुचली नव्हती असे नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९८६ मध्ये चांदवडला स्त्रियांचे मोठे अधिवेशन भरवले आणि त्यानंतर "लक्ष्मीमुक्ती" चळवळीत नवऱ्यांनी जमिनीचा काही भाग पत्नीच्या नावे करावा असे आवाहन केले. १९९१ च्या शेगावच्या मेळाव्यात "सीताशेती" हा शब्द आला. स्वतःच्या तुकड्यावर स्त्रीने बाहेरचे काही विकत न आणता प्रयोग करायचे, अशी ती कल्पना होती. मामीचे एकर तिच्याच जवळचे आहे. पण एक फरक आहे. मामीच्या एकरावर मामीचे नाव नाही. मामाने तोंडी दिले, उद्या तोंडीच परत घेता येईल.

सोनारीत आईने एकर मागितले नाही. तिने वीस गुंठे मागितले. अण्णा म्हणाले, "माकडाच्या तोंडात घालायला रान दिऊ व्हय?"

अण्णांचे चुकले असे मला सरळ म्हणता येत नाही. पाणी असेल तिथे आमच्याकडे ऊस लावतात. ऊस बारा ते अठरा महिने शेतात उभा असतो, विहिरीचे पाणी पितो हे खरे, पण तो भरवशाने जातो आणि त्याचे बिल बँकेत जमा होते. या महाविद्यालयातील माझी फी उसाच्याच बिलातून भरलेली आहे. आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिली. तेव्हा उसाविरुद्ध लेख लिहिताना माझा हात जरा अडखळतो. २०२३ साली जागतिक भरडधान्य वर्ष होते, त्या वेळी आम्ही कनिष्ठ महाविद्यालयात ज्वारी-बाजरीची सुंदर भित्तिपत्रके केली होती. त्या दिवशीही कँटीनमध्ये वडापावच होता, आणि तो आम्ही आवडीने खाल्ला. असो.

अखेर आईला वीस गुंठे मिळाले ते बरडावरचे, जिथे ऊस येतच नव्हता. बहुतेक बायकांच्या वाट्याला असेच रान येते, असे मामी म्हणाली. पहिल्या पावसाळ्यात आईने मामीकडून आणलेले बी पेरले. भेंडी, मका, भुईमूग, हुलगा, तीळ, अंबाडी, तूर. भाद्रपदात माकडे आली. भैरवनाथाच्या माकडांवर आमच्याकडे कोणी दगड उचलत नाही; भाविक त्यांना फुटाणे आणि केळी देतात. दोन दिवसांत भेंडी आणि मका संपला. तिसऱ्या दिवशी त्यांनी शेंगा उपटल्या. आई बांधावर बसून होती. अण्णा काही बोलले नाहीत, आणि तेच तिला जास्त लागले.

मी त्या वेळी माकडांवर फार चिडले होते. नंतर आजीने एक गोष्ट सांगितली. आमच्या बांधावर पूर्वी दोन चिंचा, एक उंबर आणि जांभूळ होते. आजोबांच्या काळात विहीर खोल करायला पैसे हवे होते, तेव्हा ती झाडे विकली. त्या विहिरीच्या पाण्यावर ऊस आला. उंबर-जांभळावर बसणाऱ्यांनी आता बसायचे कुठे, हा विचार त्या वेळी कोणाच्या मनात आला नसेल. माझ्याही आला नसता.

तथापि सगळे गेले नव्हते. हुलगा, अंबाडी, तीळ यांना माकडांनी फारसा हात लावला नाही. हिवाळ्यात करडईने आपले काटे दाखवले. आतला लसूण आणि जवस वाचला. म्हणजे मामीचे एकर जसेच्या तसे उचलून सोनारीत आणता येत नाही. सोनारीचे वीस गुंठे सोनारीच्या माकडांना विचारूनच पेरावे लागतात. दुसऱ्या वर्षी आईने भेंडी आणि मका वगळला. बांधावर चिंचेची दोन आणि जांभळाचे एक रोप लावले. त्यांना कळशीने पाणी घालण्याचे काम सुट्टीत माझ्याकडे आहे.

बी ठेवण्याची पद्धतही तिने आजीकडून पुन्हा शिकून घेतली: चांगले वाळवायचे, राख मिसळायची, मडक्यात कडुनिंबाचा पाला घालून तोंड लिंपून टाकायचे. गेल्या ज्येष्ठात गल्लीतल्या तिघीजणी तिच्याकडे हुलगा आणि अंबाडीचे बी मागायला आल्या. आईने पैसे घेतले नाहीत. सवाईने दिले, म्हणजे चार मापे नेली तर सुगीनंतर पाच आणून द्यायची. दोघींनी आणून दिली. तिसरीचे रान माकडांच्या वाटेवरच आहे, तिला पुढच्या सालापर्यंत मुदत दिली आहे. अण्णांनी अजून ऊस सोडलेला नाही आणि आईनेही तसे म्हटलेले नाही. मात्र विहिरीजवळच्या तुकड्यातला खोडवा मोडल्यावर तिथली दहा गुंठे मागायची, असे तिच्या मनात आहे. ते तिने मला सांगितले आहे, त्यांना नाही.

यंदाच्या येळवशीला आम्ही भज्जी घरीच केली. अकरापैकी सहा जिन्नस आमच्या रानातले होते. पावटा माकडांनी खाल्ला, तो परांड्याच्या बाजारातून आणला.