पन्नास नोटांची शाळा

पाचशेची नोट १५ सेंटिमीटर लांब असते. जिल्हा परिषदेच्या ज्या शाळेचा पट ३१ ते १०० च्या दरम्यान आहे, तिला समग्र शिक्षा योजनेतून वर्षाला २५ हजार रुपयांचं संयुक्त शाळा अनुदान मंजूर असतं. म्हणजे पाचशेच्या पन्नास नोटा. त्या टोकाला टोक लावून मांडल्या तर साडेसात मीटर भरतात. वर्गखोलीची एक भिंत, बस्स.

याच मापानं देशातल्या म्युच्युअल फंडांचा पैसा मोजू. २०१४ च्या मे महिन्यात या फंडांकडची एकूण मालमत्ता पहिल्यांदा १० लाख कोटींच्या पुढे गेली. २०२५ च्या जुलैअखेर ती ७५ लाख कोटींवर होती. त्या रकमेच्या पाचशेच्या नोटा १५ हजार कोटी होतात आणि त्यांची ओळ सव्वादोन कोटी किलोमीटरची. चंद्र इथून सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे. म्हणजे ही ओळ एकोणतीस वेळा चंद्रावर जाऊन परत येते. नोटांवर नोटा रचल्या तर एक नोट एक दशांश मिलिमीटर जाड धरूनही ढीग १५ हजार किलोमीटर उंच होतो, पृथ्वीच्या व्यासापेक्षा उंच.

आणि हा पैसा परका नाही. पुणे जिल्ह्यातल्या शिरूरच्या बँकेत दर महिन्याच्या ठरल्या तारखेला कापली जाणारी हजार-दोन हजारांची एसआयपी त्यात आहे, दौंडच्या रेल्वे कर्मचाऱ्याची बचतही आहे. २०२५ च्या जुलैत एकट्या एसआयपीतून देशभरात २८ हजार कोटींहून अधिक रक्कम जमा झाली. दिवसाला ९०० कोटी, तासाला ३७ कोटींच्या वर.

शिरूर तालुक्याला या आकड्यांची ओळख नव्यानं करून द्यायला नको. रांजणगाव एमआयडीसीत एलजीचा कारखाना आहे, व्हर्लपूलचे फ्रिज तिथं बनतात, आयटीसीचा खाद्यपदार्थांचा कारखाना आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये एलजीच्या भारतीय कंपनीचे शेअर बाजारात आले. विक्रीला होते ११,६०७ कोटींचे. तीन दिवसांत मागणी आली ती सुमारे ४ लाख ४३ हजार कोटींची, म्हणजे विक्रीच्या एकूण रकमेच्या अडतीस पट. महाराष्ट्र शासनाचा २०२५-२६ चा संपूर्ण अर्थसंकल्प ७ लाख कोटींचा. पोलीस, पाटबंधारे, रस्ते, दवाखाने, पगार, पेन्शन, शाळा, सगळं त्यात आलं. राज्याच्या वर्षभराच्या खर्चाच्या साठ टक्क्यांहून मोठी रक्कम तीन दिवसांत एका कंपनीच्या दारात उभी राहिली. त्यातली बहुतेक परत फिरली, पण उभी राहिली हे खरं. त्या विक्रीतून आलेला पैसाही कारखान्यात उतरला नाही. शेअर मूळ कोरियन कंपनीनं आपल्या वाट्यातले विकले होते, म्हणून तो तिकडे गेला.

आता त्या साडेसात मीटरच्या भिंतीकडे परत या. साठ मुलांच्या शाळेला २५ हजार म्हणजे मुलामागे वर्षाला ४१७ रुपये, दिवसाला सव्वा रुपयाच्या आत. त्यात वीजबिल, खडू-डस्टर, किरकोळ दुरुस्ती, पाण्याची सोय, शैक्षणिक साहित्य. किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे, म्हणजे स्वच्छतागृहासाठी वर्षाला अडीच हजार, महिन्याला २०८ रुपये. पट तीसच्या आत असेल तर सगळं मिळून १० हजार. शिक्रापूरकडे गुंठ्याचे भाव लाखांत बोलले जातात. एक गुंठा दहा लाखांना गेला असं धरा. मुद्रांक शुल्काबरोबर जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायतीसाठी जो एक टक्का अधिभार असतो, तो त्या एका गुंठ्यावर १० हजार होतो. एका छोट्या शाळेचं वर्षभराचं अनुदान!

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, नाहीतर हिशेब खोटा ठरेल. शाळेवरचा सरकारचा खरा खर्च अनुदानात नाही, पगारात आहे. दोनशिक्षकी शाळेत पगार-भत्ते धरून माणशी महिना साठ हजार धरले तरी वर्षाला १४ लाख ४० हजार होतात. शिवाय माध्यान्ह भोजनाचं धान्य, पुस्तकं, गणवेश. सरकार शाळेवर पैसा खर्चच करत नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. पण पगाराचा पैसा शिक्षकाच्या खात्यात जातो, तांदूळ पोत्यात येतो. शाळा म्हणून शाळेच्या हातात जे पडतं, ज्यातून मुख्याध्यापक एखादा निर्णय स्वतः घेऊ शकतात, ते एवढंच.

तेही मुक्कामाला राहत नाही. शाळेचं योजनेचं खातं आता शून्य शिल्लकेचं असतं. पैसा वर एका मुख्य खात्यात, शाळेला फक्त खर्चाची लिमिट. लिमिट फेब्रुवारी-मार्चमध्ये आली की धावपळ सुरू होते: शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, कोटेशन, बिल, ऑनलाइन नोंद, दोन सह्या, उपयोगिता प्रमाणपत्र. ३१ मार्चला उरलेली लिमिट संपते. काटकसर करून चार हजार वाचवले आणि पुढच्या उन्हाळ्यात पत्रे बदलू म्हटलं, तर तशी सोयच नाही. बचत करता येत नाही अशी संस्था आपण मुलांना बचतीचा धडा शिकवायला उभी केली आहे, याचं मला फार वाईट वाटतं.

त्याच शाळेतल्या शिक्षकाचा पैसा मात्र बाजारात फिरतो आहे. १ नोव्हेंबर २००५ पासून नोकरीला लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही. त्यांच्या मूळ वेतन आणि महागाई भत्त्यातून १० टक्के कापले जातात, सरकार १४ टक्के घालतं. दोन्ही मिळून ६२ हजार असतील तर महिन्याला १४,८८० रुपये पेन्शन फंडात पडतात. तिथं ते सरकारी रोखे, कंपन्यांचे कर्जरोखे आणि शेअर यांत वाटले जातात. सरकारी कर्मचाऱ्यांच्या ठरावीक योजनेत शेअरच्या हिश्शाला मर्यादा आहे. मार्च २०२३ मध्ये 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत सात दिवस संप झाला, तो याच व्यवस्थेविरुद्ध. त्या वादात मी इथं पडत नाही. फळ्यापुढं उभ्या असलेल्या माणसाचा पैसा तीन प्रकारच्या मालमत्तेत गुंतलेला असतो आणि फळ्याच्या नावावर एकाही प्रकारची मालमत्ता नसते, एवढं मात्र नोंदवतो.

हे असंच चालत आलं आहे का? दीडशे वर्षं मागं जाऊ. मुंबई इलाख्यात १८६० च्या दशकात शेतसाऱ्याच्या दर रुपयामागं एक आणा लोकल फंड उपकर सुरू झाला आणि १८६९ च्या कायद्यानं तो पक्का झाला. त्या आण्याचा तिसरा हिस्सा शाळांसाठी. आण्याच्या बारा पै, म्हणजे रुपयामागं चार पै. शिरूर तालुका आणि आजचा दौंड ज्यात येतो ती तेव्हाची भीमथडी, दोन्हीकडची रयत हा पैसा भरत होती. टक्क्यांत काढा: चार पै भागिले एकशे ब्याण्णव पै, २.०८ टक्के.

आता कंपनी कायदा २०१३, कलम १३५ पाहा. मोठ्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे. भीमथडीच्या कोरडवाहू शेतकऱ्याकडून साऱ्यामागं शाळेसाठी जो हिस्सा घेतला जात होता, तो आजच्या बड्या कंपनीच्या नफ्यावरच्या एकूण सामाजिक हिश्शापेक्षा टक्केवारीत किंचित जास्त होता. एक साऱ्यावर, दुसरा नफ्यावर, तुलना काटेकोर नाही हे मान्य. पण शेतकरी नफा असो-नसो सारा भरत होता. १२ मे १८७५ ला भीमथडीतल्या सुपे गावी सावकारांच्या वह्या आणि कर्जखतं पेटली, ती याच उपकराच्या काळात. गळ्यापर्यंत कर्जात बुडालेली माणसं शाळेचे चार पै भरत होती. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढच्या निवेदनात हेच सुनावलं होतं: पैसा रयतेच्या घामाचा, आणि खर्च वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर.

तो पैसा दरवर्षी आला आणि दरवर्षी संपला. साठवला असता तर? १८६९ चा एक रुपया वर्षाला ६ टक्के चक्रवाढीनं २०२५ पर्यंत सुमारे ८,९०० रुपये होतो. चार पैंचे जवळपास १८५ रुपये.

सहा टक्के हा दर मी हवेतून घेतलेला नाही. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यानं १८५४ साली २० लाख डॉलर बाजूला काढून शाळांसाठी कायमचा फंड केला. पुढं त्यात सरकारी जमिनी आल्या, त्या जमिनींखालच्या तेलाचं उत्पन्न आलं. आज तो ५ हजार कोटी डॉलरच्या वर आहे. पंचवीस हजार पट! पण १७० वर्षांत पंचवीस हजार पट म्हणजे वर्षाला जेमतेम सहा टक्के वाढ, आणि तीही मधल्या काळात शाळांना पैसे देत देत. तेलाचा हात त्याला होता हे विसरून चालणार नाही. तरी खरी किमया काळाची आहे. मुद्दल खायचं नाही, हा अशा कायमच्या फंडाचा मूळ विचार.

आपल्याकडे लोकांच्या पैशातून संस्था उभी करण्याचा विचार नव्हता असं कुणी म्हणू नये. पुणे जिल्ह्यातच तळेगावला १९०८ साली काचकारखाना उभा राहिला तो लोकांकडून पैसा-पैसा गोळा केलेल्या 'पैसा फंडा'तून. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेनं मुष्टिफंड चालवला, घराघरातून मूठभर धान्य घेऊन वसतिगृहातली पोरं जगवली. आणि शिरूर तालुक्यातली वाबळेवाडीची जिल्हा परिषद शाळा आपल्या डोळ्यांसमोर आहे. दत्तात्रय वारे गुरुजी आणि ग्रामस्थांनी मिळून ती घडवली, गावानं जमीन दिली, कंपन्यांच्या मदतीतून काचेच्या वर्गखोल्या आल्या. वारे गुरुजी पुढं खेड तालुक्यात जालिंदरनगरला गेले आणि २०२५ साली त्या शाळेनं जागतिक सर्वोत्तम शाळा पुरस्कारांत लोकपसंतीचा मान मिळवला. पैसा, गाव आणि शिक्षक एका दिशेला वळले की काय होतं, याचा याहून मोठा पुरावा मला नको.

पण वर्गखोली ही एकदाच मिळणारी गोष्ट. तिची काच फुटली, पंखा जळाला, बोअरची मोटार बिघडली की पुन्हा दारोदार. कंपन्यांचा सामाजिक कामावरचा, म्हणजे सीएसआर खर्च २०२३-२४ मध्ये देशभरात ३४ हजार कोटींच्या पुढे गेला, पण २२ जानेवारी २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनुसार कंपनीनं एखाद्या संस्थेच्या कायम निधीत टाकलेली रक्कम सीएसआर म्हणून धरली जात नाही. पैसा अडकून पडू नये, गैरवापर होऊ नये, हा हेतू समजतो. परिणाम असा की रांजणगावातून शाळेला संगणक मिळेल, रंग मिळेल, बाकं मिळतील. टिकणारं मुद्दल मिळणार नाही.

मग ते गावानंच जमवायला हवं. किती? ६ लाख २५ हजार. सात टक्क्यांनी वर्षाला ४३,७५० रुपये येतात. २५ हजार शाळेनं वापरायचे, १८,७५० मुद्दलात घालायचे. दर वर्षी तीन टक्क्यांनी मुद्दल वाढत गेलं की चोवीस वर्षांत दुप्पट, आणि खर्चाला ५० हजार. आज पहिलीत बसलेली मुलगी तेव्हा तिशीत असेल, तिचं लेकरू शाळेत असेल. सरकारचं अनुदान आहे तसं सुरू राहायलाच हवं, हा निधी त्याच्या वर.

पुणे जिल्हा परिषदेच्या शाळा ३,६०० धरल्या तर सगळ्यांचा मिळून असा निधी २२५ कोटींचा होतो. देशाच्या एसआयपीचे सहा तास. सकाळी दहाला शाळेची घंटा झाल्यापासून दुपारी चारपर्यंत. ऊस पट्ट्यापुरतं बोलायचं तर हंगामात सव्वासहा लाख टन गाळणाऱ्या एका कारखान्यात टनामागं एक रुपया निघाला, तर दर हंगामाला एक शाळा कायमची स्वतःच्या पायावर उभी राहते. हा एक रुपया शेतकऱ्यानंच द्यावा असं माझं म्हणणं नाही. त्यानं १८६९ पासून पुष्कळ दिलं आहे. कारखाना देऊ शकतो, वाहतूकदार देऊ शकतात, एमआयडीसीत नोकरीला असलेले माजी विद्यार्थी देऊ शकतात.

पैशाला पाय फुटतील ही भीती रास्त आहे. त्यासाठी रस्ता आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली न्यास नोंदवावा. हिशेब दरवर्षी तपासला जातो, आणि न्यासाचा पैसा कुठं गुंतवायचा यावर कलम ३५ चं बंधन आहे. एवढ्या निधीला शेअर बाजाराची घाई करायची गरजही नाही. ठेवी आणि सरकारी रोखे पुरे. ठरावात एकच ओळ ठळक लिहावी: मुद्दलाला हात लावायचा नाही.

ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला होतात. शिरूर-दौंडमधल्या गावांना हात जोडून विनंती आहे: येत्या ग्रामसभेत रस्ता, गटार, हायमास्टच्या विषयांबरोबर शाळेच्या कायम निधीचा विषय घ्या. यंदाच्या यात्रेच्या वर्गणीतून दहावा हिस्सा त्यासाठी काढा, पहिली पावती सरपंचांच्या नावानं फाडा, दुसरी तुमच्या.