अज्जींना ऐकू आलेला सिनेमा

गेल्या दिवाळीत आमच्या घरी होम थिएटर आले. पाच स्पीकर आणि एक सबवूफर, म्हणजे दुकानदारांच्या भाषेत ‘फाइव्ह पॉइंट वन’. बसवायला आलेल्या मुलाने पाचही स्पीकर टीव्हीच्या शोकेसवर ओळीने मांडले, वायरी जोडल्या आणि अर्ध्या तासात तो गेलासुद्धा. रात्री ‘कांतारा’ (२०२२) लावला. ढोल वाजले की खिडक्यांची तावदाने थरथरत, पण माणसे बोलू लागली की काही म्हणता काही कळेना. सासूबाई मूळच्या धारवाडच्या. त्यांच्यासाठीच कन्नड सिनेमा लावला होता. घरात सगळे त्यांना अज्जी म्हणतात. वीस मिनिटांत ‘मात केळ्सवल्दु’ म्हणत त्या आत निघून गेल्या. पुढचे दोन रविवार सोप्यात फिरकल्या नाहीत, तेव्हा मात्र आम्हीच कंबर कसली.

पहिली चूक मधल्या स्पीकरची निघाली. सिनेमातले बहुतेक संवाद ‘सेंटर’ स्पीकरमधूनच येतात आणि आमचा सेंटर शोकेसच्या खणात, फोटो-फ्रेमच्या मागे दडलेला! तो टीव्हीखाली कडेला ओढून तोंड अज्जींच्या खुर्चीकडे किंचित वर केले. रिसीव्हरच्या सेटिंगमध्ये त्याचा आवाज तीन डेसिबलने वाढवला. निम्मे दुखणे तिथेच बरे झाले.

डाव्या-उजव्या स्पीकरमध्ये जेवढे अंतर, साधारण तेवढेच आपल्या बसण्यापर्यंत हवे; तीन सारख्या बाजूंचा त्रिकोण समजा. उंची बसलेल्या माणसाच्या कानाएवढी. उरलेले दोन समोर ठेवले तर पैसे पाण्यात! ते आपल्या दोन्ही बाजूंना, कानांच्या थोडे मागे आणि जरा वर असावेत. वायर जोडताना लाल-काळ्याची अदलाबदल झाली तर आवाज पोकळ होतो, बास गळून जातो. आमच्या एका स्पीकरचे नेमके तेच झाले होते.

सबवूफरची जागा शोधण्याची युक्ती मोठी गमतीची आहे. सबवूफर चक्क आपल्या खुर्चीवर ठेवायचा, बास असलेले गाणे लावायचे आणि आपण भिंतीच्या कडेने रांगायचे! जिथे घुमणे कमी आणि ठोका स्वच्छ, तिथे सबवूफर. आमच्याकडे हे काम नातवाने आनंदाने केले. कोपऱ्यात ठेवला तर आवाज मोठा होतो खरा, पण सगळे घर घुमते. शेजाऱ्यांचाही विचार हवाच.

आमच्या सोप्यात शहाबादी फरशी आणि उघड्या भिंती, त्यामुळे आवाज आपटून परत येई. खाली जाड सतरंजी घातली, मागच्या भिंतीवर अज्जींनीच शिवलेली वाकळ टांगली. वाकळ म्हणा की कौदी, काम तेच करते.

‘अ‍ॅटमॉस’चा मोह आम्ही टाळला. २०१२ साली चित्रपटगृहांत आलेले हे तंत्र डोक्यावरूनही आवाज आणते. पण घरासाठी मिळणारे वर तोंड केलेले स्पीकर सपाट छतावर आवाज आपटवून खाली आणतात. आमचे छप्पर मंगळुरी कौलांचे, उतरते. तिथे ते काय करणार?

दोन भाषांच्या घरांसाठी आणखी एक. सिनेमाची भाषा बदलली की आवाजाचा प्रकारही कधी कधी बदलतो. मूळ भाषेत पाचही स्पीकर बोलतात, डबिंगमध्ये फक्त दोनच. मागचे गप्प बसले म्हणून मेकॅनिकला बोलावण्याआधी भाषेचा मेनू बघा. ‘सैराट’ (२०१६) आणि त्याचा कन्नड अवतार ‘मनसु मल्लिगे’ (२०१७) हे दोन्ही पाहणाऱ्या घरांत भाषेवरून वाद व्हायचेच, त्यात स्पीकरचा दोष नको!

तिसऱ्या रविवारी अज्जींना हात धरून आणले. दुसराच एक कन्नड सिनेमा होता. अर्धा झाला तरी त्या उठल्या नाहीत. मग पडद्यावर अंधार झाला, मागच्या स्पीकरमधून पावले वाजली, तशा अज्जी दाराकडे वळून मला म्हणाल्या, ‘हिंद यार बंदार नोड!’