मेणातला ब्राइस मार्डन

अमेरिकी चित्रकार ब्राइस मार्डन ९ ऑगस्ट २०२३ला गेले, ८४ वर्षांचे होऊन. त्याच नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या मॅडिसन ॲव्हेन्यूवर, गगोसियन गॅलरीत त्यांची अखेरची चित्रं लागली. कॅन्सर झाला तरी शेवटच्या दिवसांपर्यंत त्यांनी स्टुडिओ सोडला नव्हता. कॅनव्हासवर रंगीत रेषांचे वेढेच वेढे. या माणसाचं नाव मात्र झालं होतं ते मेणामुळे!

साठच्या दशकात मार्डन यांना तैलरंगाची चकाकी नको होती. मग तैलरंगात टर्पेंटाइन आणि मधमाशीचं मेण मिसळायचं, ऊन ऊन असतानाच कॅनव्हासवर चढवायचं आणि पात्याने सारखं करायचं. चकाकी गुल. दिसायला एकच रंग, पण जरा थांबलं की राखाडीत हिरवा सापडतो, हिरव्यात तपकिरी.

खरी गंमत तळाशी आहे. तेव्हाच्या कित्येक चित्रांत त्यांनी खालच्या कडेला चिंचोळी पट्टी कोरी सोडली. आधीच्या थरांचे ओघळ, थेंब, शिंतोडे सगळे तिथे जमलेले. वर दिसतो तो शेवटचा रंग. त्याआधी कोणकोणते रंग येऊन गेले ते या पट्टीवर कळतं. ‘एकच रंग फासलाय, यात काय कला?’ असं विचारणाऱ्याला मी आधी तिथे वाकून बघायला लावेन.

१९६४मध्ये मार्डन न्यूयॉर्कच्या ज्यूइश म्युझियममध्ये पहारेकरी होते आणि तिथेच जॅस्पर जॉन्स यांचं मोठं प्रदर्शन भरलं. जॉन्स म्हणजे वर्तमानपत्राच्या कपट्यांवर मेणरंगात अमेरिकी झेंडा रंगवणारे. पगार घेता घेता केवढी शिकवणी!

कट्टर मंडळी मार्डन यांच्या पद्धतीला एन्कॉस्टिक म्हणायला कां कूं करतील. अस्सल एन्कॉस्टिकमध्ये तेल नसतं: वितळलेलं मेण, थोडी राळ, रंगाची पूड, आणि प्रत्येक थर पुन्हा तापवून खालच्या थराशी एकजीव करायचा. मेण साधारण ६२ ते ६५ अंशांना वितळतं आणि ब्रशवरच थिजायला लागतं, म्हणून हात झरझर चालवावा लागतो. टिकाऊपणा विचाराल, तर इजिप्तमधल्या फायूमच्या ममींवरचे मेणरंगातले चेहरे जवळजवळ दोन हजार वर्षांचे आहेत आणि अजून टवटवीत आहेत.

मेणाच्याच दिवसांतली एक गोष्ट. मार्डन यांची पहिली पत्नी गायिका जोन बाएझची बहीण. गायक बॉब डिलनला नाव मिळावं म्हणून त्याच्यासाठी एक चित्र करायचं त्यांनी कबूल केलं होतं. दहा फूट लांबीचं ‘द डिलन पेंटिंग’ १९६६मध्ये तयार होईतो डिलन जगभर गाजलासुद्धा!

ग्रीसमधल्या हायड्रा बेटाने त्यांना ऑलिव्हच्या बागांचे हिरवे-करडे रंग दिले. पुढे १८ पॅनेलांचं ‘थिरा’ हे चित्र झालं, तेही तेल आणि मेणातच. ते आज पॅरिसच्या पाँपिदू केंद्राकडे आहे. ऐंशीच्या दशकात मेण सुटलं आणि चिनी सुलेखनाचा नाद लागला. झाडाच्या लांब काटक्या शाईत बुडवून, कागदापासून लांब उभं राहून ते रेषा काढू लागले. काटकी हलते, अडखळते, रेषा पुरती ताब्यात राहत नाही, आणि मार्डन यांना नेमकं तेच हवं होतं.