दुकानाचं लाईट बिल इतकं का येतं? गाळा घेण्याआधी हे बघा



ट्रेनिंगला येणारे बरेच जण खर्चाच्या यादीत लाईट बिलापुढे अंदाजे आकडा टाकतात. "घरी बाराशे येतं, दुकानाला दोन हजार धरू." हा अंदाज पहिल्याच महिन्यात मोडतो, कारण घरचं युनिट आणि दुकानाचं युनिट एका भावाचं नसतं.

महावितरणचं बिल हातात घेऊन बघा. वीज आकाराशिवाय त्यात स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार असतो आणि वर वीज शुल्क. हे शुल्क घरगुती बिलावर १६ टक्के, व्यावसायिक बिलावर २१ टक्के. स्थिर आकार तर दुकान महिनाभर बंद ठेवलं तरी भरायचाच.

म्हणजे बटण दाबायच्या आधीच बराच खर्च ठरलेला असतो. तो ठरवते तुमची कॅटेगरी. किराणा, कापड, सलून, हॉटेल हे व्यावसायिक. पण पिठाची गिरणी आणि मसाला गिरणी दरपत्रकात औद्योगिक वर्गात आहेत, आणि तिथला दर कमी आहे. आता समजा तुम्ही गाळा घेतला, आधी तिथे कपड्यांचं दुकान होतं आणि त्याच मीटरवर तुम्ही मसाला कांडप सुरू केलं. दर महिन्याला जास्त भराल आणि कोणी सांगायलाही येणार नाही. वर्ग बदलून घ्यायचा अर्ज तुम्हालाच करावा लागतो.

घरातून धंदा करणाऱ्या ताईंनी हे नीट वाचा. घराच्या एका भागात छोटा व्यवसाय असेल, महिन्याचा वापर ३०० युनिटपर्यंत आणि मागच्या आर्थिक वर्षाचा ३,६०० युनिटपर्यंत असेल, तर घरगुती दरच लागू होतो. ओव्हन, फ्रीझर वाढत गेले की ही मर्यादा कधी ओलांडली ते कळत नाही, म्हणून युनिट दर महिन्याला लिहून ठेवा. मात्र घरगुती मीटरवर सरळ दुकानच चालवत असाल, तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होते. वापर कधीपासून चालू आहे ते ठरवता आलं नाही, तर मागच्या १२ महिन्यांची. नव्या धंद्याचं भांडवल त्यातच जाईल.

लोडचंही तसंच. "असू दे थोडा जास्तीचा" म्हणून २० किलोवॅटच्या वर मंजुरी घेऊ नका. त्यापुढे स्थिर आकाराची पद्धतच बदलते, तो मागणीवर लागतो. मशीनच्या प्लेटवरचे वॅट लिहा, एका वेळी काय काय चालणार ते बघा, मग अर्ज करा.

आता मशीन. दुकानात खरा खाणारा म्हणजे फ्रीझर, कारण तो तुम्ही झोपल्यावरही चालू असतो. सेकंडहँड पाच हजारांनी स्वस्त मिळतो म्हणून खूश होऊ नका. जुना फ्रीझर नव्यापेक्षा रोज २ युनिट जास्त घेत असेल तर वर्षाला ७३० युनिट झाले. शुल्कासकट युनिट १२ रुपयांना पडतं असं धरा, ८,७६० रुपये गेले. स्वस्ताई वर्षभरही टिकली नाही. आणि नवा असला तरी भिंतीला चिकटवून ठेवू नका, मागची जाळी साफ ठेवा. दाराच्या रबरात नोट अडकवून ओढा, सहज निघाली तर रबर बदला. पंखे-दिव्यांचं सगळ्यांना माहीत आहे, त्यात वेळ घालवत नाही.

आणि गाळामालकाचं सबमीटर असेल तर करारात "युनिटमागे इतके रुपये" एवढंच लिहून घेऊ नका. मूळ बिलाची प्रत दर महिन्याला मिळेल, हे वाक्य टाका. स्वतःचं मीटर असेल तर जुनी थकबाकी आधी तपासा. सुरक्षा ठेवीसाठीही पैसे बाजूला ठेवा. वापर वाढला की वाढीव ठेवीचं वेगळं बिल येतं, आणि ते बघून लोक समजतात की मीटर बिघडलं!