‘चाचेगिरी’, ‘चोरी’ आणि ‘बुडवणे’ : चित्रपटांच्या अनधिकृत प्रतींविषयी एक शब्दविचार

१

चित्रपटाच्या मालकाच्या अनुज्ञेवाचून त्याची प्रत काढणे, ती विकणे, भाड्याने देणे किंवा महाजालावरून पसरविणे, या व्यवहाराला मराठीत आज एक निश्चित असे नाव नाही. वृत्तपत्रे त्यास ‘चाचेगिरी’ म्हणतात. चित्रपटव्यवसायातील मंडळी ‘चोरी’ म्हणतात. बोलण्यात ‘पायरसी’ हा इंग्रजी शब्दच सर्रास चालतो. एकाच कृत्याला तीन नावे असणे ही भाषेत काही नवलाची गोष्ट नव्हे. परंतु ज्या कृत्याचा न्यायनिवाडा करावयाचा असतो त्याच्या बाबतीत नाव हे केवळ नाव राहत नाही. नाव ठरले की अपराधी कोण, हानी कोणाची आणि उपाय कोणता, हेही बहुधा ठरून जाते. म्हणून या शब्दांची थोडी छाननी करणे हे भाषाभ्यासकाचेही काम आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

२

प्रथम ‘चाचेगिरी’ हा शब्द घेऊ. ‘चाचा’, जुन्या लेखनात ‘चांचा’, म्हणजे समुद्रावरील लुटारू. ग्रंथाची परवानगीवाचून छपाई करणाऱ्यास इंग्रजीत सतराव्या शतकापासून ‘पायरेट’ म्हणू लागले, आणि त्याच रूपकाचे भाषांतर करून आपण ‘चाचेगिरी’ हा शब्द या अर्थाने स्वीकारला. तो स्वीकारताना एक गोष्ट आपण विसरलो. हा शब्द कोण कोणाला लावतो यावर त्याचा अर्थ अवलंबून असतो, हे कोकण किनाऱ्याला जितके ठाऊक आहे तितके क्वचितच दुसऱ्या कोणास असेल. मुंबईकर इंग्रजांच्या कागदपत्रांत कान्होजी आंग्रे हे ‘चाचे’ आहेत; मराठ्यांच्या दृष्टीने ते आरमाराचे सरखेल होते आणि आपल्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजांनी दस्तक घ्यावे ही त्यांची मागणी राज्याच्या हक्काची होती. दस्तकावाचून जाणारे जहाज राज्याचा हक्क डावलते, असे एका पक्षाचे म्हणणे. ते अडविणारा लुटारू, असे दुसऱ्याचे.

चित्रपटाच्या आरंभकाळातही असाच प्रकार आढळतो. जॉर्ज मेलिएस या फ्रेंच कलावंताने १९०२ मध्ये चंद्रावरील सफरीचा आपला सुप्रसिद्ध चित्रपट तयार केला. अमेरिकेत त्याच्या प्रतींवरून प्रती काढून त्या विकणाऱ्यांत फिलाडेल्फियाचा सिग्मंड लुबिन होता, आणि स्वतः एडिसनची कंपनीही होती. हीच एडिसन कंपनी आपल्या चित्रपटाची नक्कल केल्याबद्दल त्याच लुबिनला न्यायालयात खेचीत होती. म्हणजे एका खटल्यातील फिर्यादी दुसऱ्या व्यवहारात ज्याला आपण ‘चाचा’ म्हणतो तोच होता. तेव्हा या शब्दात दोषारोपाचा आवेश पुष्कळ असला, तरी वर्णनाची शक्ती अल्प आहे.

३

एडिसन व लुबिन यांच्यातील तो खटला भाषाभ्यासकाला आणखी एका कारणासाठी उद्बोधक वाटतो. त्या काळी अमेरिकेच्या कायद्यात ‘छायाचित्र’ हा शब्द होता. चित्रपटाला शब्दच नव्हता. मग प्रश्न उभा राहिला तो थेट व्याकरणातील वचनाचा. एका पट्टीवरील शेकडो चित्रे हे एक छायाचित्र की अनेक? खालच्या न्यायालयाने ती अनेक मानली. प्रत्येकाची नोंदणी वेगळी हवी, असे त्याचे मत पडले. हे मत टिकते तर कोणत्याही चित्रपटाला संरक्षण मिळणे व्यवहारतः अशक्य झाले असते. १९०३ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तो निर्णय फिरविला आणि सबंध पट्टी हे एकच छायाचित्र होय, असे ठरविले. चित्रपट हा स्वतंत्र वर्ग म्हणून अमेरिकन कायद्यात आला तो १९१२ मध्ये. एका नामाच्या वचनावर एका धंद्याचे भवितव्य काही काळ लटकत राहिले होते, असे म्हणण्यास हरकत नाही.

४

आता ‘चोरी’. या शब्दाची व्याख्या आपल्या फौजदारी कायद्यात सुस्पष्ट आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या ३७८ व्या कलमात ती होती. १ जुलै २०२४ पासून तिची जागा भारतीय न्याय संहितेच्या ३०३ व्या कलमाने घेतली आहे. दुसऱ्याच्या ताब्यातील चल वस्तू त्याच्या संमतीवाचून, अप्रामाणिक हेतूने, हलविणे म्हणजे चोरी. येथे ‘हलविणे’ हे क्रियापद महत्त्वाचे आहे. माझे घड्याळ चोरीस गेले म्हणजे ते तुमच्याकडे आले आणि माझ्याकडे उरले नाही. चित्रपटाची प्रत काढली असता मूळ चित्रपट जागचा हलत नाही. निर्मात्याजवळ तो जसाच्या तसा असतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे १९८५ मध्ये डाउलिंग खटल्यात अनधिकृत ध्वनिमुद्रिकांच्या संदर्भात हाच प्रश्न आला. प्रताधिकाराचा भंग हा स्वतंत्र प्रकारचा अपराध आहे, चोरीच्या मालासंबंधीचा कायदा त्यास लागू पडत नाही, असा निर्णय बहुमताने झाला.

आपल्याकडेही हा अपराध चोरीच्या कलमाखाली येत नाही. १९५७ चा प्रताधिकार कायदा, जो २१ जानेवारी १९५८ पासून अंमलात आला, त्याचे ६३ वे कलम ‘उल्लंघना’ची शिक्षा सांगते. पुढे १९८४ च्या दुरुस्तीने व्हिडिओपटांना चित्रपटाच्या व्याख्येत घेतले आणि शिक्षा वाढविली.

यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की, चोरी नाही तर हानीही नाही. ‘त्यांचे काय गेले?’ हा प्रश्न आपण नेहमी ऐकतो. मराठी माणसाला या प्रश्नाचे उत्तर त्याच्याच भाषेने आधी देऊन ठेवले आहे.

५

मराठीत ‘बुडवणे’ असे एक क्रियापद आहे. त्याचा मूळ अर्थ पाण्यात घालणे. परंतु व्यवहारात आपण भाडे बुडवतो, कर बुडवतो, मजुरी बुडवतो, देणे बुडवतो. या सर्व प्रयोगांतील कर्माकडे लक्ष द्यावे. घड्याळ कोणी ‘बुडवीत’ नाही आणि भाडे कोणी ‘चोरीत’ नाही. जी वस्तू धन्याच्या हाती आहे ती चोरली जाते. जे अद्याप हाती आले नाही, पण न्यायतः यावयाचे आहे, ते बुडविले जाते. मजुरी बुडविणाऱ्याने मजुराच्या खिशातून काही काढलेले नसते. तरीही त्या मजुराचे ‘काय गेले’ असे विचारण्याचे धैर्य कोणी करणार नाही.

प्रस्तुत लेखकाच्या मते अनधिकृत प्रतीने होणारी हानी या दुसऱ्या जातीची आहे. ती वस्तूची हानी नसून येण्याची हानी आहे. हा भेद केवळ कोशकाराच्या समाधानाचा नाही. त्यामुळे पुढील तीन गोष्टी स्पष्ट होतात.

पहिली, हानीचे मापन. चोरीत दहा घड्याळे गेली तर हानी दहा घड्याळांची. परंतु अनधिकृत प्रत पाहणाऱ्या प्रत्येकाने तिकीट काढलेच असते असे नाही. पाहिलेल्या प्रतींची संख्या आणि तिकिटाचा दर यांचा गुणाकार करून जे प्रचंड आकडे मांडले जातात ते चोरीच्या रूपकातून आलेले असतात. बुडीत रक्कम काढावयाची तर जे खरोखर येणार होते तेवढेच मोजले पाहिजे.

दुसरी, काळाचे महत्त्व. येणे हे मुदतीशी बांधलेले असते. चित्रपटाचे बहुतांश उत्पन्न प्रदर्शनानंतरच्या पहिल्या काही दिवसांत येते. म्हणून प्रदर्शनापूर्वी किंवा त्याच आठवड्यात फुटलेली प्रत आणि पाच वर्षांनंतरची प्रत यांना एकाच नावाने संबोधणे अयोग्य आहे.

तिसरी, हानी कोणाची. ‘चोरी’ म्हटले की मालक डोळ्यांपुढे येतो. ‘बुडवणे’ म्हटले की ज्यांचे येणे आहे ते सर्व येतात. नामवंत नटाचे मानधन बहुधा आधीच ठरलेले व बरेचसे दिलेलेही असते. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार व संगीतकार यांना चित्रगृहाबाहेरील वापराच्या स्वामित्वधनात जो वाटा दिला, तो मात्र पुढे होणाऱ्या अधिकृत वापरावरच अवलंबून आहे. आणि लहान निर्मात्याचा पुढचा चित्रपट आधीच्या चित्रपटाच्या येण्यातून उभा राहावयाचा असतो. जो चित्रपट कधी निघालाच नाही त्याची नोंद कोणत्याही खतावणीत होत नाही.

६

या व्यवहाराने धंद्याचे रूपही बदलविले आहे. मेलिएसने आपला भाऊ गास्तोन यास १९०३ मध्ये न्यूयॉर्क येथे पाठवून शाखा उघडली, आणि युरोप व अमेरिका यांसाठी दोन निगेटिव्ह एकाच वेळी चित्रित करण्याची पद्धत सुरू केली. पाते कंपनी आपले कोंबड्याचे चिन्ह चित्रपटातील नेपथ्यावरच लावीत असे, जेणेकरून नक्कल करणाऱ्यास ते पुसता येऊ नये. आज प्रतीत दडविलेल्या अदृश्य खुणा या कोंबड्याच्याच वंशज होत. पुढे १९०७ मध्ये त्या कंपनीने प्रती विकणे थांबवून भाड्याने देण्याचे धोरण स्वीकारले. त्यामागे अन्य कारणेही होती. परंतु प्रत हातातून सुटली की तिच्यावर ताबा राहत नाही, हा धडा त्यात होताच.

आपल्याकडे प्रतींची संख्या मर्यादित असताना मोठ्या शहरांत लागलेला चित्रपट तालुक्याच्या गावी पोहोचण्यास महिने लागत. १९८० नंतरच्या दशकात व्हिडिओ कॅसेटने नेमकी ही मधली जागा व्यापली. गावातील प्रेक्षक अप्रामाणिक होता असे नव्हे. अधिकृत मार्गाने त्याच्यापर्यंत कोणी आले नव्हते. या शतकात अंकीय प्रक्षेपणामुळे एकाच दिवशी शेकडो पडद्यांवर चित्रपट लावणे शक्य झाले, तेव्हा ही फट बुजली. पण प्रतीचा वेगही तितकाच वाढला. नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला आणि तो चित्रगृहांत गर्दी खेचीत असतानाच त्याची प्रत महाजालावर आली. तरीही तोवरच्या सर्व मराठी चित्रपटांहून त्याने अधिक उत्पन्न मिळविले. यावरून अनधिकृत प्रत निरुपद्रवी ठरत नाही. ज्या चित्रपटाला एकच आठवडा आणि दिवसाचा एकच खेळ मिळतो, त्याच्यापाशी असा आघात पचविण्याची शक्ती नसते, एवढेच त्यातून दिसते.

७

कायद्याची कठोरता वाढत गेली आहे. महाराष्ट्रातील धोकादायक व्यक्तींच्या स्थानबद्धतेच्या १९८१ च्या कायद्यात २००९ मध्ये व्हिडिओ-चाच्यांचा समावेश झाला. २०२३ च्या चलच्चित्र दुरुस्ती कायद्याने चित्रपटाचे अनधिकृत मुद्रण व प्रदर्शन यांसाठी तीन महिने ते तीन वर्षे कारावास आणि तीन लक्ष रुपयांपासून निर्मितिखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड सांगितला आहे. अपराधी मात्र बहुधा निनावीच असतो. त्यामुळे न्यायालये अज्ञात प्रतिवादींविरुद्ध जे मनाई हुकूम देतात त्यांना वकीलवर्गात ‘अशोक कुमार आदेश’ असे नाव पडले आहे. इंग्रजीतील ‘जॉन डो’चा हा भारतीय अवतार. ज्याचे नावच ठाऊक नाही त्यास एका थोर नटाचे नाव मिळावे, हा योगायोग विचित्र खरा.

निनावी प्रतिवादीला दंडाचे भय अल्प असते. प्रेक्षकाच्या मनात त्या कृत्याला कोणते नाव आहे, यावर अधिक अवलंबून आहे. ‘चाचा’ हा शब्द त्यास काहीसा रोमांचकारी वाटतो, आणि ‘चोर’ हा शब्द स्वतःला लागू आहे असे त्यास वाटतच नाही. कारण त्याने कोणाचे काही उचललेले नसते. परंतु आपण कोणाची तरी मजुरी बुडवीत आहोत, हे वाक्य त्याला कळते. शेतात, कारखान्यात किंवा कचेरीत राबणाऱ्या प्रत्येकाला बुडालेल्या मजुरीचे दुःख ठाऊक असते. परक्या रूपकाचे भाषांतर करण्याआधी आपल्या घरातील शब्द पाहिला असता, तर हा विचार मराठीत पुष्कळ आधी सरळ झाला असता.